रिपोर्टात काहीच न निघालेला माणूस

आजारी पडण्यासाठी इतकी मेहनत घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे माणसं रोज पाहते. पण ती सगळी उलट्या दिशेने मेहनत घेत असतात.

पाटोद्याला मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी या माणसाच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला गेले. ते फळांचे व्यापारी. दुकान मुलाच्या हाती देऊन स्वतः फक्त गावाची तब्येत बघायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना अंकल म्हटलं.

"अंकल म्हणू नको बेटी," ते म्हणाले. "अंकल लोकं बिस्कुटं खातेत. चाचा म्हण."

खोली देताना त्यांनी माझं गाव, आईवडील, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. मला फार बरं वाटलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "जीभ दाखव."

मला चारचौघांत जांभई द्यायचीही लाज वाटते. मी चाचीकडे बघितलं. चाची म्हणजे त्यांची बायको. स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात वर धरून उभी होती.

"दाखव गं बाई," ती म्हणाली. "त्याबिगर किल्ली न्हाई देत ते. आधीच्या मास्तरानं बी दाखवलती."

मी दाखवली. चाचांनी चार हात लांबूनच बघितलं, एक डोळा मिटून.

"पांढरी हाय. सकाळी काय खाती?"

"ओट्स."

"आन बरं, बघू."

मी बॅगेतून पुडा काढून दिला. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतले, वास घेतला. "हे घोडे खातेत. घोडं किती वर्षं जगतंय?"

मला माहीत नव्हतं.

"पंचवीस, लई झालं तर तीस. तुला तेवढंच जगायचंय का?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, त्यामुळे प्रश्न जरा अंगावर आला. मला किल्ली मिळाली आणि ओट्स शेजारच्या शेळीला मिळाले.

त्यांची सगळी वैद्यकी फळांच्या धंद्यातून आली होती. टरबूज वाजवून बघतात तसे ते माणसाला वाजवून बघायचे. बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाच्या पोटावर दोन बोटं मारायची आणि कान जवळ न्यायचा. "पाणी लई हाय आत." "हे आजून कच्चं हाय, याला जेवायला घाला." एकदा त्यांनी गावात आलेल्या एका पुढाऱ्याला वाजवलं आणि "हे वरून बरं दिसतंय" एवढंच म्हणून निघून गेले. मुली-बायकांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. मला ते सांगायचे, "तूच वाजव, मी ऐकतो." मग मी जिन्यात उभी राहून स्वतःच्या पोटावर टिचक्या मारायची आणि ते अंगणातून डोळे मिटून ऐकायचे. वरून खाली आवाज पोचणं शक्य नव्हतं. तरी ते निदान करायचे, आणि मी काल बाहेर वडापाव खाल्ला होता हे त्यांना बरोबर कळायचं. बहुतेक वडापाववालाच सांगत असावा.

सकाळी साडेपाचला ते खालून छताला बांबू टोचायचे. एक ठोका म्हणजे ऊठ. दोन म्हणजे कूस बदल. कारण आढीतली फळं रोज फिरवली नाहीत तर एका अंगाने नासतात, माणसाचंही तसंच. तीन म्हणजे पाणी पी. मी टाच आपटून उत्तर द्यायची. मला हे बोलणं फार सोयीचं वाटायचं. दिवसभरात माझं लोकांशी इतकं मोकळं बोलणं दुसरं नव्हतं. लॅबमध्येही मला 'मूठ आवळा' आणि 'मूठ सोडा' ही दोनच वाक्यं पुरायची.

मग खाली हुलग्याचं माडगं. पातळ, गरम, लसणाची फोडणी दिलेलं. पहिल्या आठवड्यात मला ते पिताना ओली माती आठवायची. दुसऱ्या महिन्यात सुट्टीवर घरी गेले तर आईला म्हटलं, हुलगे आण. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची नाहीतर करडीची भाजी, कारळाची चटणी. फळ नेहमी उपाशीपोटी आणि बसून. "उभ्यानं फळ खाल्लं की ते पायात उतरतंय," हे त्यांचं मत. सीताफळ मात्र पाठमोरं बसून खायचं, कारण ते खाताना माणूस चांगला दिसत नाही. हा नियम तब्येतीचा नव्हता, पण त्यांनी तो यादीत घातला होता.

हे सगळं रांधायचं काम चाचीकडे होतं. पाचला उठून माडगं, मग भाकऱ्या, मग निवडणं, कांडणं. आरोग्य चाचांचं, मेहनत तिची. ती सगळ्यांच्या नंतर जेवायची, उभ्याउभ्याच, आणि त्यावर चाचांचा कुठलाही नियम नव्हता, कारण तोवर ते वामकुक्षीला गेलेले असायचे. तिच्या पाणी पिण्याचं मात्र त्यांना फार कौतुक. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची ती. "बघ," ते मला म्हणायचे, "अख्ख्या पाटोद्यात माझं ऐकणारी ही येकटीच."

बाकी कुणीच ऐकत नसे, हे खरं होतं. आणि हेच त्यांचं दुखणं होतं. दुसरं कुठलंच नव्हतं, हे त्याहून मोठं.

सकाळी शाळेच्या मैदानावर म्हाताऱ्या पुरुषांची मंडळी चालायला यायची. दोन फेऱ्या मारून झाल्या की ती कठड्यावर बसायची आणि खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. तिथे प्रत्येकाला आजारावरून मान होता. शुगरवाले गुरुजी सगळ्यांत वर, कारण त्यांची शुगर जुनी. मग बीपीवाले, मग युरिक ॲसिडवाले, मग नुकतेच छातीत दुखून आलेले एक जण, ज्यांना पहिल्या महिन्यातच कठड्याची सावलीची जागा मिळाली. सगळे खिशातून रिपोर्ट काढून दाखवायचे. मला हे माहीत आहे कारण ते रिपोर्ट मीच छापलेले असायचे, आणि मैदान माझ्या लॅबच्या रस्त्यावर होतं. मी ओढणी डोक्यावर घेऊन भरभर जायची आणि ऐकायची.

"मेथीचं पाणी कडू लागलं तरी चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवायचं, मग—" चाचा सुरू करायचे.

"तू गप बस बे," गुरुजी म्हणायचे. "तुला काय झालंय का?"

"मला काय न्हाई झालं, म्हणूनच तर सांगतोय ना!"

"मग तुला काय कळतंय? ज्याचं जळतं त्याला कळतं. आधी काहीतरी होऊ दे, मग बोल."

आणि सगळे हसायचे. चाचाही हसायचे, पण परत येताना ते ज्याच्या-त्याच्या पोटावर जरा जोरात वाजवायचे.

या मंडळींचा वर्षातून एकदा आरोग्य मेळावा व्हायचा. मांडव, माइक, शाल, नारळ. 'आजारावर मात' नावाचा कार्यक्रम असायचा. त्यात ज्यांनी आपला आजार आटोक्यात आणला ते पाच-पाच मिनिटं बोलायचे. चाचांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. ती पाच मिनिटं हवी होती. दरवर्षी ते नाव द्यायला जायचे आणि दरवर्षी गुरुजी चष्मा वर करून विचारायचे, "मात कशावर केली म्हणून लिहू?"

त्या वर्षी चाचांनी ठरवलं, आता काहीतरी निघालंच पाहिजे.

ते लॅब उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसले होते. बाही वर करून ठेवलेली.

"सगळं काढ," ते म्हणाले. "जे जे निघंल ते."

मी त्यांचं रक्त घेतलं. मूठ आवळा, मूठ सोडा. दुपारी ते रिपोर्ट घ्यायला स्वच्छ पांढरा कुर्ता घालून आले. आम्हाला वाईट बातमी हळू आवाजात द्यायला शिकवलेलं असतं. मी तोच आवाज काढला. "चाचा, सगळं नॉर्मल आहे."

"सगळं?"

"हो."

"युरिक ॲसिड?"

"नॉर्मल."

"थोडंबी न्हाई?"

मी मान हलवली. ते बाकावर बसले. त्यांनी रिपोर्ट उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून खिडकीजवळ आले.

"बेटी, हे तूच टाइप करती ना?"

"हो."

"मग शुगरच्या पुढं नव्वद हाय तिथं येकशे नव्वद कर की. येकच तर आकडा हाय. कुणाचं काय जातंय? मी दोन महिन्यांनी येतो, तू परत नव्वद कर. झाली मात."

ते माझे घरमालक होते आणि मला कुणालाही नाही म्हणता येत नाही. दुकानदाराने नको असलेला रंग बांधून दिला तर मी तो घालते. पण त्या खिडकीत माझ्या तोंडून, माझ्याच अपेक्षेपेक्षा मोठ्याने, "नाही जमणार चाचा" असं आलं. आतून लॅबचे सर डोकावले. चाचांनी रिपोर्टाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "खोटा माल न्हाई विकायचा. मी खरी शुगर आनतो."

दुसऱ्या दिवशी छतावर ठोका पडला नाही. मी आठ वाजता उठले आणि धावतपळत कामाला गेले. चाचा झोपलेले होते. ठरवून. नऊला उठायचं म्हणून त्यांनी गजर लावला होता, आणि सवयीने पाचला डोळे उघडले तरी चार तास ते पडून राहिले होते.

"माणसं बिघडतेत ते बिनानियमाचं बिघडतेत," त्यांनी मला समजावलं. "म्हणून येळ लागतो. आपुन नियमानं बिघडायचं. पंधरा दिवसांत काम होतंय."

त्यांनी मैदानावर जाऊन गुरुजींनाच विचारलं की शुगर येण्याआधी तुम्ही काय काय खात होता. इतक्या आदराने गुरुजींना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी सविस्तर सांगितलं. त्याप्रमाणे सकाळी जलेबी, अकराला भजी, जेवणात पांढरा भात आणि वर झोप, चारला खारी आणि चहा, त्यात तीन चमचे साखर. जलेबीसुद्धा ते बसून, मोजून चावत खायचे. ती सवय सुटेना. भजी खाल्ली की पाय आपोआप शतपावलीला उठायचे, मग ते स्वतःच्याच मांडीवर हात दाबून धरायचे. एकदा त्यांनी मला हाक मारली, "बेटी, जरा चाचीला सांग, मला उठू देऊ नको म्हणावं."

चाची मात्र त्या पंधरा दिवसांत खुलली. एवढ्या वर्षांत त्या घरात साखरेचा डबा पहिल्यांदाच उघड्यावर आला होता. तीही जलेबी खायची, चहा प्यायची, दुपारी टीव्हीसमोर बसायची. माडगं नाही, कांडण नाही. "असंच राहू दे गं," ती माझ्या कानात म्हणाली. "न्हाई आली शुगर तरी चालंल, पर परयत्न करू दे त्यांना."

पंधराव्या दिवशी दोघं लॅबमध्ये आली. सोमवारचा बाजार होता, तिथून त्यांना भाजी आणायला जायचं होतं, म्हणून चाची पिशवी घेऊन सोबत आली होती. तीही अजून काही खाल्लेलं नाही म्हणाली. चाचांचं रक्त घेतलं, मशीनमध्ये लावलं. ते काचेला नाक लावून उभे.

नॉर्मल.

मला पहिल्यांदाच नॉर्मल माणसाची दया आली. पंधरा दिवसांची भजी, जलेबी, झोप, सगळं त्या शरीराने पचवून टाकलं होतं. चाचांचा चेहरा मात्र हळूहळू बदलला. आधी दुःख, मग संशय.

"हे मशीन बरोबर हाय का?"

"हो, चाचा. रोज तपासतो आम्ही."

"कशावरून? हे सगळ्यालाच नॉर्मल म्हणत आसंल. काटा अडकला की कायबी ठेवा, येकच वजन दावतंय. काटा तपासायचा तर दुसरा माल ठेवून बघायचा." ते वळले. "ये गं इकडं. बस."

"मी?" चाची म्हणाली.

"तुझं रक्त लावू. तुझं बी येवढंच आलं तर मशीन खराब."

"मला कावून टोचायला लावता? मला काय झालंय?"

"तुला काय न्हाई झालं. मशीनला झालंय. बस."

चाचीने पिशवी मांडीवर घेतली आणि हात पुढे केला. तिला मूठ आवळायला मला दोनदा सांगावं लागलं, कारण तिचं रक्त याआधी कुणी कधी घेतलंच नव्हतं. आमच्याकडे बायका येतात त्या पोटुशी असताना, नाहीतर चक्कर येऊन पडल्यावर. नुसतं बघून घ्यावं म्हणून पुरुष येतात.

मशीनने आकडा दाखवला. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला.

"किती?" चाचा म्हणाले. "नव्वदच ना? बघ, मी म्हटलं नव्हतं—"

"तीनशे बारा."

चाची म्हणाली, "म्हंजे मशीन चांगलं हाय ना? मग चला, बाजार उठायचा."

"परत लाव," चाचा म्हणाले.

मी परत लावलं. तीनशे दहा. "परत," ते म्हणाले. मी तिसऱ्यांदा लावलं. जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडे एक आकडा मागत होता, तो आता एकेक आकडा कमी करून मागत होता. "तिनं काल जलेबी खाल्लीती. जलेबीची आसंल ती. माझ्यामुळं. उद्या उतरंल."

मग सरांनी गेल्या तीन महिन्यांतली साखर सांगणारी तपासणी करायला लावली. संध्याकाळी मी रिपोर्ट घरी घेऊन गेले. सांगायचं माझ्यावर आलं. मी हळू आवाज काढला नाही. तो मी याआधी नको तिथे वापरून टाकला होता.

"पंधरा दिवसांची नाही चाचा. जुनी आहे. वर्षं झाली असतील."

"वर्षं," ते म्हणाले.

"पायाला मुंग्या येतात का?" मी चाचीला विचारलं.

"येतेत की. उभं राहून येतेत."

"आणि तहान? लई लागते?" मी त्यांच्यासारखं बोलले ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"तहान तर हायच. पर ती चांगली म्हणत्यात ना हे?"

चाचा उठून मोरीकडे गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. नळाचा आवाज काही आला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. माडगं, भाकरी, अंबाडी परत आली, पण आता पहाटे हुलग्याचं पीठ चाचाच कालवायचे, आणि त्यात गुठळ्या व्हायच्या. चाचीला त्यांनी ताटावर बसवलं. ती बसायची आणि दर मिनिटाला उठायची. ते "बस" म्हणायचे. सकाळी ते तिला मैदानावर चालायला नेऊ लागले. ते दहा पावलं पुढे, ती मागे बुरख्यात, आणि दर दहा पावलांनी ते थांबून मागे बघायचे. ती म्हणायची, "हाय मी. चला पुढं."

ही बातमी कठड्यावर पोचायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांत शुगर बरीच उतरली, तीही पोचली. मेळाव्याच्या आठवडाभर आधी गुरुजी स्वतः घरी आले. चाचांच्या घरी ते पहिल्यांदा आले होते.

"आता तुझा हक्क हाय," ते म्हणाले. "घरात आली म्हंजे तुझीच झाली. पाच न्हाई, धा मिंट बोल. हुलग्याचं सांग, मेथीचं सांग. लोकं इचारायलेत."

मेळाव्यात आमच्या लॅबचं टेबल होतं, म्हणून मलाही जावं लागलं. टेबल मांडवाच्या मागच्या बाजूला, बायकांच्या जवळ. तिथे आठ-दहाच बायका होत्या, आणि सगळे भोंगे पुरुषांकडे तोंड करून. चाची माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. चाचा स्टेजवर गेले तेव्हा मी ऐकायला कडेच्या भोंग्याजवळ जाऊन उभी राहिले. शाल घेतली, नारळ घेतला, तो सवयीने कानाशी धरून वाजवून बघितला. लोक हसले. पुढच्या रांगेत दोघातिघांनी लिहून घ्यायला पेन काढले होते.

चाचा माइकसमोर उभे राहिले. आयुष्यभर वाट बघितलेली ती दहा मिनिटं होती. त्यांनी घसा साफ केला.

"मी माझं रक्त दोनदा तपासलं," ते म्हणाले. "काहीतरी निघावं म्हणून. आमच्या घरातलीचं येकदा बी न्हाई. तिला मी मशीन तपासायला बसवलती. मशीन चांगलं निघालं." ते थांबले. "तुमी मागं जाऊन आपापल्या घरातलीचं बघा. मागं टेबल हाय. बस, येवढंच."

आणि ते खाली उतरले. मांडवात कुजबुज झाली. "आरं हुलग्याचं सांग की!" कुणीतरी ओरडलं. "किती पानी टाकायचं?" गुरुजी हातवारे करून त्यांना परत वर बोलावत होते. चाचा पायऱ्यांजवळच्या खुर्चीत, मांडीवर नारळ घेऊन, खाली बघत बसले.

"काय म्हणले गं ते?" मी टेबलाशी परत आल्यावर चाचीने मला विचारलं. "इकडं काय ऐकूच न्हाई आलं."

आजूबाजूच्या बायकाही माझ्याकडे बघायला लागल्या. मला इतक्या जणींसमोर बोलायची सवय नाही. तरी मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, मशीनचं सुद्धा.

चाचीने सगळं ऐकून घेतलं. पुढे, पुरुषांच्या डोक्यांवरून, चाचांचं फक्त डोकं दिसत होतं.

"हे सांगायला स्टेजवर कावून जायचं?" ती म्हणाली. "घरी म्हणले असते तर मी ऐकलं असतं की."